चौऱ्याण्णवाव्या पानानंतर

खळकाकांना संस्कृतचं एक वाक्य धड लावता येत नसे, पण संस्कृत व्याकरणाच्या पोथ्या त्यांच्याइतक्या कोणी हाताळल्या नसतील. हस्तलिखितांच्या ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षं ते डागडुजीचं काम करत होते. फाटक्या पानाला पातळ कागदाचं ठिगळ लावायचं, कुरतडलेल्या कडा सांधायच्या, त्यासाठी पिठाची खळ स्वतः शिजवायची. तो वास बोटांत इतका मुरला की खरं नाव मागेच पडलं.

वरच्या मजल्यावर व्याकरणबाई बसत. मूळ सूत्रं कोणाची, त्यांचा अर्थ उलगडणारी वृत्ती कोणी लिहिली, त्या वृत्तीचं आणखी विवरण करणारी टीका कोणी लिहिली आणि ती टीका पुढे कोणी खोडून काढली, हा सगळा इतिहास त्या बारा वर्षं लिहीत होत्या.

"भांडकुदळ खानदान आहे हो काका," त्या म्हणत. "पणजोबा चार शब्दांत बोलून मोकळे झाले. पतवंडं अजून भांडतायत, त्यांना म्हणायचं होतं तरी काय!"

एका सोमवारी तळमजल्यावरच्या भिंतीतला नळ फुटला. कपाटाचा खालचा कप्पा भिजला आणि त्यातच होती बाईंच्या पुढच्या प्रकरणाची पोथी. दोनशे बारा पानांची टीका, एकुलती एक प्रत. काकांनी घाईघाईत पानं सुटी केली आणि मिळेल त्या टेबलावर टिपकागद टाकून पसरली. शाई फुटली नाही, पान एकही गेलं नाही. संध्याकाळी त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तो अर्ध्यातच अडकला. पानांचे आकडे कोपऱ्यांत असतात; या पोथीचे कोपरे किडीनं कधीच खाल्ले होते. फोटो काढायचे राहून गेले होते. आणि पानं उचलताना क्रम ठेवायचं भान त्यांना राहिलं नव्हतं.

बाईंना सांगायला ते स्वतः जिना चढून वर गेले.

बाई खुर्चीत बसल्या. "सूत्रांवरून लावता येईल," त्या हळूच म्हणाल्या. "पण हा टीकाकार एकेका सूत्रावर दहा-दहा पानं बोलतो. महिने जातील, काका."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. तीन दिवस त्यांना घास गोड लागला नाही.

गुरुवारी ते जेवायला घरी गेले. ताटावर बसून नुसते भात चिवडत होते. तेवढ्यात बायकोनं पेटीतली लोकरी शाल काढली आणि कपाळावर हात मारला.

"अहो, बघा ना! मेली कसर! भोक पाडलं एका जागी, आणि घड्या उलगडल्या तर आठ ठिकाणी!"

काकांचा हात थांबला. "आण इकडे."

"आधी जेवा."

"आण म्हणतो ना!"

त्यांनी शाल उलगडली, पुन्हा घडी केली, पुन्हा उलगडली. मग ताट तसंच टाकून चपला घालायला लागले. "कुठे निघालात?" असं बायको ओरडेपर्यंत ते जिना उतरले होते.

कीड पोथीत शिरते ती एका पानावर थांबत नाही, आरपार पोखरत जाते. तिची वाट तिरकी असते. म्हणून भोक पानागणिक केसभर सरकतं. काकांनी पानं खिडकीच्या उजेडात धरली. हे भोक त्या भोकाशी, ते पुढच्याशी. नऊ दिवस त्यांनी हेच केलं. मान आखडली, डोळ्यांतून पाणी आलं, पण गठ्ठा लागला.

बाई पहिल्यापासून तपासायला बसल्या. "बरोबर... बरोबर... हेही बरोबर." चौऱ्याण्णवाव्या पानानंतर त्या थबकल्या.

"काका, पुढची सात इथली नव्हेत. ग्रंथालयाच्या जुन्या यादीत स्पष्ट लिहिलंय, इथली पानं गहाळ आणि शेवटी दुसऱ्याच ग्रंथाची सात पानं. बघा, अक्षरसुद्धा वेगळं आहे."

काकांनी ती सात पानं पुन्हा उजेडात धरली. ते मागे हटले नाहीत.

"मला अक्षर कळत नाही बाई, भोकं कळतात. पाच भोकं आहेत, पाचही जुळतात. कीड आत शिरली तेव्हा ही पानं इथंच होती."

बाईंनी चौऱ्याण्णवाव्या पानाची शेवटची ओळ वाचली. ती अर्ध्या शब्दावर तुटत होती: 'प्रत्य'. त्यांनी पुढचं पान ओढलं. पहिलंच अक्षर होतं 'य'.

"प्रत्यय," त्या पुटपुटल्या. मग सातही पानं त्यांनी एका दमात वाचली. काका उभेच होते.

"लेखनिक बदलला होता," अखेर त्या म्हणाल्या. "यादी करणाऱ्याला वाटलं, ग्रंथच बदलला! ही टीका अपुरी आहे असं आम्ही सगळे पिढ्यान्पिढ्या लिहीत आलोय. मीसुद्धा लिहिलं होतं. काका, ती पुरी आहे!" त्या एकदम हसल्या आणि चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. "नळाचे आभारच मानायला हवेत."

"त्याला कळू देऊ नका," काका म्हणाले. "पुन्हा फुटेल."

त्यांनी मऊ पेन्सिल घेतली आणि पानापानावर बारीक आकडा घातला, एक ते दोनशे बारा. फोटो काढणाऱ्याला समोर बसवून सगळ्या पानांचे फोटो काढून घेतले. सगळं उरकल्यावर ते बाहेर आले. जिन्याच्या पायरीवरच बसले, बायकोनं दिलेला डबा उघडला आणि बाराव्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.