अठ्ठ्याहत्तर किलो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्हाला मी दिसत नाही. दिसले असते तर तुम्ही आधी माझ्या दंडांकडे बघितलं असतं – सगळेच बघतात – आणि मग माझी जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली असती.

मी जाड आहे. ‘अंगाने भरलेली’ वगैरे नाही, जाड. दुकानात शिरले की तिथली मुलगी मी तोंड उघडायच्या आत म्हणते, “तुमच्या मापात नाही येणार, ताई.” डॉक्टरकडे घसा दाखवायला जावं, तर ते वजनावर घसरतात. वैताग येतो हो. इतका, की घरातल्या वजनकाट्याचा सेल संपला तेव्हा मी तो काटा सरळ भंगारवाल्याला देऊन टाकला.

आणि तरीही मी सायकल चालवायचे. डोंगरातली, जाड टायरची. हे अनिरुद्धमुळे – माझ्या नवऱ्यामुळे. आम्ही वारज्याला राहतो, टेकडी घरामागेच. तो दर रविवारी जायचा, आणि एकदा मलाही घेऊन गेला. मी धापा टाकत चढायचे, पण उतारावर – काय सांगू – उतारावर मला माझं वजन जाणवायचंच नाही. तासाभरासाठी का होईना, माझं अंग माझ्या बाजूने असायचं.

वर्षभराने माझ्या सायकलचा पुढचा फोर्क गेला. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारे ते दोन पाय, खड्डा आला की दबतात आणि धक्का पोटात घेतात. अनिरुद्ध म्हणाला, नवा घेऊ, चांगला घेऊ. त्याने आठवडाभर वाचन केलं. तो तेव्हा कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासायचा; कुठलीही गोष्ट अंदाजाने करणं त्याला जमतच नाही.

आम्ही दुकानात गेलो. काउंटरवर दोन फोर्क ठेवले होते. एक सडपातळ, काळा, देखणा. दुसरा जाडजूड पायांचा. दुकानदार म्हणाला, “हा दुसरा हेवी रायडर्ससाठी. वजन किती, मॅडम?”

दुकानात कॉलेजची चारपाच पोरं उभी होती. सगळी काटकुळी. त्यांनी माना वळवल्या – की मलाच तसं वाटलं? – आणि मी म्हणाले, “अठ्ठ्याहत्तर.”

शहाण्णव होतं. नक्की ठाऊक होतं मला. मी शिकवते त्या शाळेत त्याच महिन्यात शिक्षकांची तपासणी झाली होती.

दुकानदाराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “थोडं वरचंच धरू या का? सेफ्टीसाठी?” आणि तेव्हा अनिरुद्ध त्याच्यावर उखडला. हा शांत माणूस, रिक्षावाल्याशीही कधी भांडत नाही. “हिने सांगितलं ना अठ्ठ्याहत्तर? मग अठ्ठ्याहत्तर.”

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं का मला? आलं असतं. पण मला त्याचं ते उखडणं आवडलं. आम्ही सडपातळ फोर्क घेऊन घरी आलो.

इथवरचं एक वेळ लाज म्हणून सोडून देता येईल. पुढचं नाही.

या फोर्कमध्ये हवा भरतात, चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे. कंपनीचा तक्ता असतो. अनिरुद्धने फोर्क स्वतःच बसवला, तक्ता बघून हवा भरली आणि मला म्हणाला, आता सायकलवर पूर्ण भार टाकून बस. फोर्कच्या पायावर एक रबरी कडं असतं. आपण बसल्यावर ते किती सरकतं त्यावरून हवा पुरेशी आहे की नाही ते कळतं. मी बसले. पण डावा हात मी पॅसेजच्या भिंतीवर दाबून धरला – जोर लावून, मनगट दुखेपर्यंत.

“हात सोड ना.”

“सोडला तर पडेन!”

तो हसला. खाली वाकून त्याने कडं पाहिलं. बरोबर जागी होतं.

मग टेकडीवर प्रत्येक खड्ड्याला फोर्क तळाला जाऊन खट्ट वाजायला लागला. तो विचारायचा, “काही आवाज येतोय का गं?” मी म्हणायचे, नाही. किती सोपं होतं ‘येतोय’ म्हणणं! त्याने आणखी थोडी हवा भरली असती, बस्स. पण मग त्याने कारण शोधलं असतं. कारण शोधल्याशिवाय तो राहतच नाही.

पावसाने उतारावर एक घळ पडली होती. तो पुढे होता, त्याने सहज पार केली. मी त्याच्या मागोमाग घातली. फोर्क पार तळाला बसला, पुढचं चाक अडकलं आणि मी हँडलवरून फेकली गेले. कॉलरबोनचे दोन तुकडे. मला आठवतो तो अनिरुद्धचा चेहरा – वर धावत येताना पांढराफटक.

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी वजन विचारलं. अनिरुद्ध शेजारीच उभा होता, त्याने तोंड उघडलं, आणि मी म्हणाले, “मला पाणी हवंय, घेऊन येतोस?” ऑपरेशनच्या आधी पाणी देत नाहीत, हे त्याला कळायला हवं होतं. पण तो घाबरलेला होता, धावत गेला. तो दाराबाहेर पडल्यावर मी म्हणाले, “शहाण्णव.” म्हणजे मला खरं बोलता येत होतं. जिवावर बेतलं की येत होतं.

घरी आल्यावर माझा भाऊ मांजरी गावाहून आला आणि अनिरुद्धला नको नको ते बोलला. “तुमची हौस, आणि हाडं आमच्या बहिणीची मोडली.” माझी आई तर अनिरुद्धशी महिनाभर बोललीच नाही. मी गळ्यात झोळी अडकवून पलंगावर बसले होते. सगळं ऐकू येत होतं.

त्याने फोर्कमधली हवा मोजली. तक्त्याप्रमाणे बरोबर. मग त्याला पंपाच्या काट्याचा संशय आला. तो काटा कारखान्यात नेऊन तपासून आणला. तोही बरोबर. तक्ता बरोबर, काटा बरोबर, वजन तर मी सांगितलेलं. “म्हणजे मीच फोर्क कुठेतरी चुकीचा बसवला असणार,” तो म्हणाला. “माझ्या हातून राहिलं काहीतरी.” माझ्या आकड्यावर त्याने एकदाही शंका घेतली नाही.

माझा खांदा जुळून आला. त्याने दोन्ही सायकली विकल्या. मी म्हणाले, तुझी तरी ठेव. तो म्हणाला, नको. मी जास्त ताणलं नाही.

मला वाटायचं, सायकलच तर गेली. पण हल्ली तो गाडीची चाकं दुसऱ्याकडून तपासून घेतो. पंखा स्वतः बसवत नाही, माणूस बोलावतो. कारखान्यातही त्याने मोजणीचं काम सोडून टेबलावरचं काम मागून घेतलं. विचारलं तर म्हणतो, वय झालं. सेहेचाळीस म्हणजे वय झालं?

आणि मी? मी कधीकधी त्याच्यावर चिडते. एवढा कसा रे तू भाबडा, मला एकदा नीट बघायचं तरी होतंस, असं मनात म्हणते. पाहा – अजूनही मी त्याचीच चूक शोधते आहे.

परवा सकाळी गॅस संपला. त्याने नवा सिलिंडर लावला, रेग्युलेटर बसवला, दोनदा काढून पुन्हा बसवला. मग मला हाक मारली. “तू एकदा बघ गं. माझ्यावर नको सोडूस.”

मी खाली वाकून बघितलं. त्याने अगदी नीट बसवला होता.

“बरोबर आहे,” मी म्हणाले, आणि चहा टाकला.