भोंगा झालाच नाही

सोलापुरात कुरव दिसतो, असं ह्यांनी मला सांगितलं तेव्हा मी लसूण सोलत होते, आणि मी तोंडावरच हसले. कुरव म्हणजे आमच्या कोकणातल्या बंदरावरचा, समुद्राचा पांढरा पक्षी. त्यानं घाट चढून ह्या फुफाट्याच्या गावात कशाला यावं? मी आले होते ती लग्न लावून दिलं म्हणून.

"हिवाळ्यात येतो," हे म्हणाले. "हिप्परग्याच्या तलावावर. दाखवीन तुला." हे हायस्कुलात चित्रकला शिकवत आणि पाखरांच्या मागे वेडे होते. त्यांच्या वहीत बदकं असत आणि माणसं अजिबात नसत.

मला तो पक्षी बघायचा होता. का ते सांगते. त्या वर्षी आषाढात माझी आई गेली. पावसाळ्यात आगबोटी बंद, घाटात दरड कोसळलेली. मला कळलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता. मी ऐकलं, उठले आणि चुलीवरची आमटी उतरवली. रडू आलं नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, तरी नाही. "दगडाची आहे पोरगी," असं सासूबाई शेजारणीला म्हणाल्या ते माझ्या कानावर आलं. त्यांचा रागही आला नाही, कारण मलाही तसंच वाटायला लागलं होतं. आईचा चेहरा धड आठवत नव्हता. आठवायची ती मागच्या दाराची पायरी. आई तिथे खाडीकडे तोंड करून मासे साफ करायची आणि कुरव घाण उचलायला घिरट्या घालत यायचे. नर असो की मादी, सगळ्यांना ती "ये गो, ये" म्हणायची. एक कुरव दिसला तर छातीत अडकलेलं सुटेल, असं माझ्या मनानं घेतलं होतं. वेडेपणा म्हणा हवं तर. ह्यांना मी एवढंच म्हटलं होतं, की बघायचाय.

शनिवारी शाळा अर्धीच असे. जेवणं उरकून आम्ही निघणार, तर सासूबाईंनी कासाराला बोलावून ठेवलेलं. संक्रांतीच्या बांगड्या भरायच्या होत्या. मी हात पुढे केले आणि डोळे दाराकडे लावून बसले. कासार निवांत माणूस, माझा हात दाबतोय, गावाकडच्या गोष्टी सांगतोय. दोन्ही मनगटं हिरव्या काचेनं गच्च भरली तेव्हा कुठे टांगा भवानी पेठेतून बाहेर पडला.

तलावावर पोचलो आणि खरंच, पाण्यावर बदकंच बदकं. मी हबकले. ह्यांनी शाळेतून आणलेली पितळी दुर्बीण डोळ्याला लावली आणि माणूस हरवलाच. "चक्रवाक बघ! जोडी आहे! ते थापटे बघ, चोच बघ त्यांची!" मी डोळ्यांवर हात धरून बघायला गेले. बांगड्या खळकन वाजल्या. जवळची सगळी बदकं एकदम उठली आणि पार पलीकडच्या काठाला जाऊन बसली.

"अगं, हात हलवू नकोस!"

मी हात खाली घेतला. पुन्हा वाजल्या. पुन्हा उडाली.

"काढून ठेव ना थोडा वेळ," हे म्हणाले, आणि मी बघितलं तशी स्वतःच जीभ चावली. कालपरवाच्या सुनेनं संक्रांतीच्या बांगड्या तलावाकाठी काढून ठेवायच्या! मग ह्यांनी आपला रुमाल एका मनगटाला बांधला, गळ्यातला मफलर दुसऱ्याला. मुसक्या आवळल्यासारखी मी बाभळीखाली बसून राहिले. सूर्य कलला. ह्यांच्या वहीत चित्रांवर चित्रं होत होती. कुरव एकही नव्हता. मला त्या बदकांचा, त्यांच्या त्या तृप्त आवाजाचा वीट आला.

"सकाळी नक्की," परत येताना हे म्हणाले. "ऊन यायच्या आत पोचायला हवं." टांगेवाला आमच्या आळीतलाच, पिकल्या मिशांचा, बोलका. ह्यांनी त्याला सांगितलं, "उद्या पहिल्या भोंग्याला ये."

"व्हय जी. पैल्या भोंग्याला टांगा दारात हुबा."

सासूबाईंनाही सांगून ठेवलं, की भोंग्याला उठवा. त्याही बरं म्हणाल्या. आणि आम्ही निजलो.

सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यावर उठतं. पाणी तापवायचं भोंग्याला, भाकरी थापायची भोंग्याला. कुणाच्या घरी गजराचं घड्याळ असलंच तर ते शोभेला. पहाट ह्या शब्दाऐवजी ह्या गावात भोंगा म्हणतात. म्हणून तर तीन शहाण्या माणसांनी भोंगा म्हटलं आणि तिघांच्याही डोक्यात आलं नाही, की उद्या रविवार, गिरणी बंद.

भोंगा झालाच नाही. मी जागी झाले ती तोंडावर ऊन आलं म्हणून. सासूबाई अजून घोरत होत्या. हे ताडकन उठले आणि सदरा उलटा घालून दारात गेले. टांग्याचा पत्ता नाही. तो आला तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं, आणि वर आमच्याकडेच तक्रार!

"भोंगा झालाच न्हाय की, मास्तर! मी आपला वाट बघत पडलोय."

"आज रविवार आहे!"

"व्हय की," तो म्हणाला. "मला वाटलं तुमास्नी ठावं हाय."

वाटेत ह्यांनी माझ्या मनगटांना रुमाल आणि मफलर बांधले. तलाव दिसायच्या आधीच बार ऐकू आले. साहेब लोक शिकारीला आले होते, ते गाशा गुंडाळून निघतच होते. मोटार धूळ उडवत आमच्या अंगावरून गेली. मागे काठावर त्यांच्या खानसाम्यानं बदकं साफ केल्याच्या खुणा, पिसं आणि आतड्यांचा ढीग. पाण्यावर काही म्हणजे काही नाही. कालचा तो गजबजलेला तलाव परातीसारखा रिकामा.

हे बांधावर मटकन बसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "काल म्हणालात सकाळी! आता काय, पुढल्या वर्षी? बदकं बघायची होती तुम्हाला, ती तुम्ही बघितलीत. माझं काय?" टांगेवाल्याचा, गिरणीचा, त्या साहेबांचा, कासाराचासुद्धा मला राग आला. हे नुसते दुर्बीण पुसत राहिले, म्हणून आणखी आला.

मी तरातरा टांग्याकडे निघाले. तेवढ्यात पाण्यावरून काहीतरी पांढरं आलं. बगळा असेल, म्हणून मी बघणारही नव्हते. पण बगळा असा मान वळवून खाली बघत येत नाही. तो आतड्यांच्या ढिगावर आला, एक गिरकी घेतली, आणि मला त्याच्या कानामागचा तो काळा ठिपका दिसला. काजळाची तीट लावावी तसा.

मी हात वर केला. रुमाल कधीच सुटला होता. बांगड्या वाजल्या. पण तो उडाला नाही. त्यानं कशाला उडावं? मासा खवलताना आईच्या हातातल्या बांगड्या सारख्या वाजायच्या, आणि आमच्या दारचे कुरव तो आवाज ऐकूनच यायचे. हा काही त्यांच्यातला नव्हता, हे मला कळत होतं. ह्याला घाणीची भूक होती, बाकी कशाची पर्वा नव्हती. मी दुसऱ्या हाताचा मफलर ओढून काढला आणि दोन्ही हात पुढे केले.

"ये गो," मी म्हटलं. "ये."

आवाज आईचा निघाला. हुबेहूब तिचा. आणि तिचा घामेजलेला चेहरा, कपाळाला चिकटलेलं खवलं, सगळं समोर उभं राहिलं. मी तिथेच चिखलात बसले आणि मोठ्यानं, गळा काढून रडले. कुरव आपलं काम आटोपून कधी गेला ते मी पाहिलं नाही.

टांगेवाला धावत आला. बिचारा घाबरला होता. "बाई, रडू नगा जी. माजंच चुकलं. उद्या भोंगा व्हतोय की, उद्या बराबर येतो. उशीर व्हनार न्हाय."

हे माझ्याशेजारी चिखलात येऊन बसले होते.

"तुझं नाही चुकलं, बाबा," हे त्याला म्हणाले. "हिला उशीर आषाढातच झालाय. रडू दे."