शंभराचा गठ्ठा

चाकणच्या एका छोट्या कारखान्यात मी बारा वर्षं पिना तपासल्या, आणि मग लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅमिंग शिकले. कुणी शिकवलं नाही, तेच बरं झालं. तपासणीचा प्रोग्रॅम मीच लिहिला. पिना कापणारं मशीन प्रत्येक पिनेचं माप पाठवत राहतं, त्या यादीला शेवटच नाही. अशा यादीला लेझी म्हणतात, म्हणजे आळशी. मागितलं तरच पुढचं माप द्यायचं. माझं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला तपासणारा तुकडा, एकेक माप मागायचं, लागोपाठ तीन खराब निघाली की मशीन बंद.

मग आले डिग्रीवाले साहेब. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, कार्डावर स्वतःचाच हसरा फोटो.

"काकू, एकेक काय मागत बसता? शंभराचा गठ्ठा घेऊ. फास्ट होईल."

झालं की फास्ट! आठवड्यात मशीनचं कापायचं टूल तुटलं आणि मशीन थांबेपर्यंत शंभराच्या आसपास पिना भंगारात. ठपका कुणावर? मशीनवरच्या बाईवर. शेजारच्या कुरुळी गावची, दोन लेकरांची आई, एकटी तीन मशिनी सांभाळणारी. तिचं कॉन्ट्रॅक्ट नेमकं त्या शनिवारी संपत होतं.

"लक्ष नव्हतं तिचं," साहेब मालकांना सांगत होते. मोबाइलमधनं मान वर न काढता, बरं का.

मी म्हटलं, थांबा जरा. खोटी मापं घेतली, पहिली तीनच खराब. फंक्शननं माप मागितलं की पडद्यावर एक टिंब उमटेल असं केलं. माझ्या फंक्शननं तीन टिंबं काढली आणि ते थांबलं. साहेबांचं आपलं टिंबं काढतंय, काढतंय. शंभर झाल्यावर त्याला साक्षात्कार झाला, की पहिली तीन खराब होती!

"अहो, शंभर भाकरी थापून मग विचारता व्हय, पोट भरलं का म्हणून? आमच्याकडं तव्यावरची ताटात पडते. जेवणारा पुरे म्हणाला, की पुढचा उंडा मळत न्हाई कुणी."

मालक हसले. साहेब म्हणाले, "तत्त्वतः दोन्ही बरोबर आहेत." तत्त्वतः! मग त्यांनी शंभराच्या जागी एक लिहिलं आणि वर स्वतःच्या नावानं 'सुधारणा' अशी नोंद केली.

बाईचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. सोमवारी जेवायच्या सुट्टीत तिनं डबा उघडला. पलीकडं साहेब कॅन्टीनचा गारढोण भात चिवडत होते.

"आक्का, त्यांना देऊ का एक भाकरी?"

"मागितली तर दे," मी म्हटलं.