वहिनींचा आवाज, तीन यंत्रांवर

छापखान्यात त्यांचं नाव ‘सावकाश’ पडलं होतं. पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावणं हे त्यांचं काम. कोणी कितीही डोक्यावर बसलं तरी सूचना शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ते बटणाला हात लावत नसत. मालक चिडत, पण अडलेलं काम फिरून फिरून त्यांच्याच टेबलावर येई.

त्या आठवड्यात मात्र सावकाशांना घाई होती. त्यांच्या वहिनी शाळेत भूगोल शिकवत. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती, म्हणून सावकाशांनी त्यांना समोर बसवून त्यांचं वाचन रेकॉर्ड करून ठेवलं होतं. टाइप केलेलं वाक्य त्याच आवाजात बोलून दाखवणारा एक प्रोग्राम होता. परंतु करणाऱ्यांनी तो तयार स्वरूपात देणं थांबवलं होतं. मागे उरला होता सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, कोणीही घ्यावा असा खुला. तो उतरवून ज्याने त्याने आपल्या यंत्रावर त्यातून प्रोग्राम घडवायचा.

मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, “सोमवारी एक तास घेऊन दाखवा, बाई. जमलं तर वर्ग तुमचाच. नाही जमलं, तर ऑफिसात बसा. मला वाईट वाटेल, पण माझाही इलाज नाही.”

घरी येऊन वहिनींनी मोबाइलवर लिहून दाखवलं : ऑफिसात बसण्यापेक्षा घरी बसेन.

सावकाशांना हे आपलंच काम वाटत होतं. गावाहून कॉलेजसाठी ते दादा-वहिनींच्या दोन खोल्यांत राहायला आले होते. शेवटच्या वर्षी इजा होऊन त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आली. तेव्हा वहिनींनी संख्याशास्त्राचं अख्खं पुस्तक, त्यातलं ओ की ठो कळत नसताना, भाजी परतता परतता मोठ्याने वाचून दाखवलं. चिन्ह आलं की त्या थांबत. “भाऊजी, इथे एक वाकडा शेपटीवाला आलाय. डोक्यावर टोपीपण आहे.” अशा शेपटीवाल्यांच्या जोरावर सावकाश पदवीधर झाले.

आधी त्यांनी छापखान्यातल्या मॅक कॉम्प्युटरवर करून पाहिलं; तिथे प्रोग्राम पहिल्याच बैठकीत उभा राहिला. घरचं विंडोज रुसलं : एक पूरक प्रोग्राम टाकावा, तर ते दुसरा मागे. दादा चहाचा कप घेऊन मागे उभे राहत.

“झालं का रे? की लग्नाच्या याद्यांसारखं अजून काही बाकीच?”

“दादा, तुम्ही बोलू नका. त्याला ऐकू जातं.”

अखेर तेही जमलं. उरली शाळा. तिथल्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही तिसरीच प्रणाली होती. शनिवारी दुपारी सावकाश घरच्या कॉम्प्युटरवरचा सोर्स कोड पेनड्राइव्हवर घेऊन तिथे गेले आणि घडणीची आज्ञा दिली. उत्तर आलं : फाइल सापडत नाही. फाइल तर डोळ्यांसमोर होती! त्यांनी पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा तेच. सगळ्या सूचना पहिल्यापासून वाचल्या. कुठे चूक दिसेना. शेवटी त्यांनी प्रोग्रामच्या मदत-पानावर आपली अडचण मांडली.

उत्तर कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका अनोळखी बाईंकडून आलं : ही फाइल कोणी विंडोजवर उघडून सेव्ह केली होती का?

सावकाशांनी घरी फोन लावला. पलीकडे दादा होते.

“वहिनींना विचारा, त्यांनी काही उघडलं होतं का.”

दादांनी तिकडे विचारलं. मग दादांचं हसू. “मान हलवतेय. लिहून दाखवलंय, ‘नुसतं बघितलं. मग सवयीने सेव्ह केलं.’ अरे, एकदा वीज जाऊन वर्गाचे सगळे गुण पुसले गेले होते, तेव्हापासूनची सवय आहे ही. बंद कपाटसुद्धा ही दोनदा लोटून बघते!”

वहिनींनी अक्षरही बदललं नव्हतं. पण सेव्ह करताना विंडोजने प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारी खूण जोडली होती, आणि लिनक्स तिलाच अडखळत होतं. सावकाशांनी त्या खुणा काढल्या. प्रोग्राम घडला. रिकाम्या खोलीत वहिनींचा आवाज उमटला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

“वहिनींना सांगा,” ते फोनवर म्हणाले, “काही बिघडलेलं नाही.”

सोमवारी ते वर्गाबाहेर उभे राहिले. वहिनी टाइप करत होत्या, नदीचं खोरं समजावलं जात होतं. आवाज थोडा सपाट होता, दोन वाक्यांत अंतर पडत होतं. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. बोटं भराभर चालली.

“मागचा बाक! काय विनोद झाला तो उभं राहून सांगा. आम्हीही हसू.”

मागचा बाक ताठ झाला. सगळा वर्ग खदखदून हसला. दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकाही हसल्या. “बाई, तास संपला की वेळापत्रक घेऊन जा,” एवढं म्हणून त्या वळल्या.

मधल्या सुट्टीत सावकाश त्या अनोळखी बाईंना आभाराचा मजकूर लिहायला बसले. सोबत सूचनांसाठी एक ओळही सुचवली : दुसऱ्या यंत्रावर न्यायची असल्यास ही फाइल विंडोजवर उघडून सेव्ह करू नये. वहिनींनी ती वाचली आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

“भाऊजी,” वहिनींचा आवाज म्हणाला, “उठा. आभार मी लिहिते.”