दादाचं शेवटचं विमान

किन्हवलीला भातकापणी झाली की माझा थोरला भाऊ मोकळ्या शेतात रिमोटवर चालणारं छोटं विमान उडवायचा. विमानं तो स्वतःच बनवायचा. एकदा शेजारच्या लग्नात शूटिंगचा ड्रोन अचानक त्याच्या विमानासमोर आला. खाली वऱ्हाड जेवत होतं. टक्कर टाळायला दादानं विमान मुद्दाम बांधावर आपटलं.

ड्रोनवाला उलट त्याच्यावरच ओरडला, "परवानगी हाय का तुमच्याकडं?"

दादाकडे नव्हती, पण ड्रोनवाल्याकडेही नव्हती. गावानं दोघांनाही काही उडवायला बंदी केली. ड्रोनवाला मुरबाडला निघून गेला.

मी म्हटलं, "दादा, परवानगी काढू, नवं बनवू."

तुटलेले पंख गोळा करत तो म्हणाला, "आता नाय रे. माणसं वाचली, झालं."

पुढच्या थंडीत विमान धावायची पट्टी नांगरून त्यानं तिथं वाल पेरले. मला ते बघवलं नाही.