सत्तावीस देशांचे साडू

नागभीडपासून सिरोंच्यापर्यंतच्या सगळ्या जंगलपट्ट्यात युरोपची मनापासून काळजी वाहणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. हे आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयुष्यात ते हैदराबादच्या पलीकडे गेलेले नाहीत. तिथेही एका लग्नाला गेले आणि तिथला भात न आवडल्यामुळे दुसऱ्या दिवशी परत आले. पण बेल्जियममध्ये निवडणुकीनंतर सरकार बनायला उशीर झाला, की यांच्या घशाखाली घास उतरत नाही. "साडभाऊ, अजून नाई जमलं त्याइचं," असं ते मला फोनवर अशा आवाजात सांगतात, की एखाद्या भाचीची सोयरीक मोडली असावी असं वाटावं. मी चंद्रपूरला राहतो. माझ्या गल्लीतली नाली गेल्या पावसाळ्यापासून तुंबलेली आहे. तिची चौकशी त्यांनी कधी केलेली नाही.

त्यांनी उभा जन्म हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर पंचाईत अशी झाली, की सरपंचापासून राज्यपालापर्यंत सगळ्यांचे अधिकार तोंडपाठ आणि ऐकायला कोणी नाही. दोन वर्षं हा माणूस खुर्चीतून उठला नाही. मग शहरातल्या एका संस्थेला आमच्या दोन जिल्ह्यांतल्या नववी-दहावीच्या मुलांना युरोपचा कारभार ऑनलाइन शिकवायची लहर आली. इथल्या मुलांना युरोपच का, हे त्या संस्थेलाच ठाऊक. पण साडूंनी ते काम असं झडप घालून घेतलं, की संस्थेला दुसरं नाव विचारात घ्यायला सवडच मिळाली नाही. दर शनिवारी दुपारी वर्ग, सत्तावीस मुलं, प्रत्येकाला एकेक देश. आमच्या मेहुणीबाई मला एकदा हळूच म्हणाल्या, "थो शनिवार आहे म्हनून मानूस बोलते तरी, जवाईबापू. नाई तं नुसते भितीकडं पाहत बसत होते."

तेव्हापासून त्यांच्या घरात दोन घड्याळं आहेत. एक आपलं, दुसरं ब्रसेल्सचं. तिकडे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे सरकवतात, म्हणून हेही स्टुलावर चढून सरकवतात. एकदा बाईंनी घाईत भलत्याच घड्याळात पाहिलं, भरपूर वेळ आहे असं समजून निवांत आंघोळीला गेल्या आणि नागभीडची बस निघून गेली. त्या तणतणत परत आल्या तर साडू म्हणतात, "बस चुकली, पन घड्याळ तं बरोबर होतं ना!" युरोपची संसद दर महिन्याला पेट्या भरून ब्रसेल्सहून स्ट्रासबर्गला जाते, हे ऐकून वर्गातली मुलं हसली, तेव्हा ते खरोखर रागावले. "हासता काऊन? आपलं सरकार नाई का हिवाळ्यात नागपूरले येत?" मुलांनी माना डोलावल्या. युरोप एवढा सोपा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

वर्ग भरायचा तो तलावाच्या पाळीवर, कारण गावात नेटवर्क तिथेच मिळतं. प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर लॅपटॉप, वर काळा कोट आणि खाली लुंगी, कारण कॅमेऱ्यात कमरेखालचं दिसत नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी समजलं होतं. युरोपात चोवीस भाषांत कारभार चालतो म्हणून त्यांनी वर्गात मराठी, गोंडी आणि तेलुगू अशा तीन भाषांना परवानगी दिली. सिरोंच्याकडचा पोर्तुगाल तेलुगूत बोलायचा, फिनलंड त्याचं मराठी करायचा आणि वेळ आली की आपल्याही दोन गोष्टी त्यात घुसडायचा. गावोगावी या मुलांची नावंच बदलली. धानकापणीच्या दिवसांत निम्मा युरोप बांध्यांमध्ये विळे घेऊन उभा असे, आणि साडू त्या अनुपस्थितीची नोंद मोठ्या समजूतदारपणे करत. "डेन्मार्कच्या मायचा फोन होता," ते मला सांगायचे. "आज नाई येत म्हने, चुरना आहे, धानाची मळनी." मी ज्या गंभीरपणे हे ऐकून घेत असे, त्याबद्दल मला कोणीतरी मानपत्र द्यायला हवं होतं.

वर्षाच्या शेवटी परीक्षा आली. संस्थेच्या मॅडम स्वतः ऑनलाइन बसणार होत्या. मुलांनी मंत्र्यांची सभा भरवायची, दिलेल्या विषयावर तासाभरात मतदान घेऊन निर्णय करायचा. निर्णय झाला तर पुढच्या वर्षीही कार्यशाळा इथे, नाही तर ती दुसऱ्या जिल्ह्याला जाणार. मॅडमनी हे आधीच स्पष्ट सांगितलं होतं आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. साडू आठवडाभर नीट जेवले नाहीत. बाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं, आणि त्या शनिवारी मी पाळीवर त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो.

विषय होता लांडग्यांचा. तिकडे लांडग्यांना कायद्याचं कडक संरक्षण आहे, ते सैल करावं का? नियम असा, की पंधरा देशांचे हात वर हवेत आणि त्या देशांत मिळून युरोपातली शंभरातली पासष्ट माणसं हवीत. अध्यक्ष साडू. पोरं झकास बोलली. वाघाच्या मुलखातली मुलं ती, त्यांना लांडगा काय शिकवायचा! स्पेन, पोलंड, जर्मनी, इटली, भराभर हात वर झाले. बहुमत दिसायला लागलं. साडूंचा चेहरा उजळला. तेवढ्यात लक्झेंबर्गने माइक उघडला.

लक्झेंबर्ग म्हणजे गडचिरोलीकडच्या एका जंगलातल्या गावची, दहावीतली, अंगाने अगदी किरकोळ अशी मुलगी. "सर जी, ज्याचे मेंढरं लांडग्यानं नेले थो कुठी हाये?"

"थो कायले पायजे?" स्पेन म्हणाला. "आपन मंत्री आहोत ना."

"आमच्या गावात ज्याची गाय वाघानं नेली थो पह्यले बोलते. थो बोलल्याबिगर सभेत कोनी काहीच ठरवत नाई. मी हात नाई वर करत."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, एकच देश विरोधात आहे. नियमाप्रमाणे बहुमत होतंय. मतदान घेऊन टाका, वेळ संपत आलाय." बरोबरच होतं ते. पण त्या मुलीकडच्या गावांत हात मोजतच नाहीत. एकाचं जरी मन नसलं तर सगळे बसून राहतात, घरी जाऊन जेवून येतात आणि पुन्हा बसतात. आधी पोलंडचा हात खाली आला. मग जर्मनीचा. मग एकेक करून सगळा युरोप हात खाली घेऊन लक्झेंबर्गकडे पाहत बसला. कोरपन्याकडच्या ऑस्ट्रियाने विचारलं, "सर, आमच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवले आहेत. मेंढीवाल्याले बलावून आनू का?"

मी छत्रीखालून कुजबुजलो, "अहो, घ्या ना मतदान!" साडूंनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, कोटाचं बटण लावलं. "मॅडम," ते म्हणाले, "मेंढीवाला येईपर्यंत सभा तहकूब करून राह्यलो." ऑस्ट्रिया वावराकडे पळाला. तास संपला, मॅडमनी सगळ्यांचे आभार मानले आणि पडदा काळा झाला.

त्यानंतर थोड्या वेळाने साध्या फोनवर कोरपन्याहून फोन आला. मेंढीवाला धापा टाकत येऊन बसला होता. साडू उठून उभे राहिले, म्हणाले, "बोला जी, आम्ही आयकून राह्यलो," आणि सूर्य तलावात उतरेपर्यंत ऐकत राहिले. पलीकडचं मला काही ऐकू आलं नाही. मी मात्र वेड्यासारखा, ऊन गेल्यावरही, छत्री धरून उभा होतो.

कार्यशाळा दुसऱ्या जिल्ह्यात गेली. ते कळलं त्या दिवशी मी जरा चिडूनच म्हणालो, "नुसतं 'हात वर कर' म्हणायचं होतं तिला. तुमचं ऐकलं असतं तिनं."

"आयकलंच असतं, साडभाऊ," ते म्हणाले. "वर्षभर थे माह्यं आयकतच आली. मी म्हटलं असतं तं लगेच केला असता हात वर. थेच तं भेव वाटलं मले."

मला या माणसाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि इतकं वाईटही. हल्ली शनिवारी दुपारी मी त्यांना फोन करतो. पहिल्याच रिंगला ते उचलतात.