एकशे साठ एकरांचा कडपा

मी डहाणूकडचं आमचं सायवन गाव सोडलं त्या सकाळी बाबा शेतात होते. ऑगस्ट महिना, भात पोटरीला आलेलं, आणि वरचा बांध फुटला म्हणून ते उजाडल्यापासून चिखलात. आशागडचे काका गाडी घेऊन आले होते. त्यांनी स्वतःच आणलेला हार माझ्या गळ्यात घातला, फोटो काढला, आणि मी गाडीत बसायच्या आत तो सगळ्या नातेवाइकांना पाठवूनही दिला. ‘आमची पुतणी कॅनडाला.’ मी शेतीचा डिप्लोमा करते हे या माणसाला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं मी नर्स होणार.

बाबा गुडघाभर चिखल घेऊन आले. हात बरबटलेले, म्हणून मला शिवले नाहीत. म्हणाले, “बाय, तिथे भात नसतं म्हणतात. मग तुम्ही कापता काय?”

मला लाज वाटत होती. काकांची नव्हे, बाबांची.

ही लाज जुनी होती. आमच्याकडे भात कापलं की लगेच भारे बांधत नाहीत. मुठीमुठीने शेतातच आडवं पसरतात आणि उन्हात वाळू देतात. त्याला कडपा म्हणतात. मी लहान असताना एका वर्षी बाबांनी सगळ्यांचं बघून सगळं शेत एकदम कापलं आणि तीन दिवस अवकाळी पाऊस लागला. कडप्यातल्या दाण्यांना जागच्या जागी मोड आले. त्यानंतर बाबा उद्या उचलता येईल तेवढंच आज कापायचे. गावाची कापणी संपून लोक दिवाळीला लागत आणि आमचं अर्धं शेत उभंच असे. दहावीत असताना मी त्यांना तोंडावर म्हटलं, “तुम्ही भित्रे आहात.” ते विळ्याची धार बघत म्हणाले, “हो.” वाद घातला असता तर मी माफ केलं असतं. त्या ‘हो’ला मी कधी माफ केलं नाही.

तर अशी मी कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात आले. एक वर्ष कॉलेज, मग ग्लेन नावाच्या शेतकऱ्याकडे नोकरी. इकडे आलेल्या आपल्या लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. हे वाचणाऱ्या तुमच्यातले बरेच जण त्यात आहात, म्हणून स्पष्टच लिहिते: इतका खोटा मजकूर मी दुसरीकडे वाचला नाही. नवी गाडी, नवं घर, बर्फात उभं राहून काढलेला फोटो, आणि मग अधूनमधून डहाणूच्या चिकूसाठी गाळलेले अश्रू. तिथे असताना यातल्या एकानेही कधी चिकूच्या झाडाला पाणी घातलं नसेल. कोणाची नोकरी गेली, कोण परीक्षेत आपटलं, कोणाला घर सोडावं लागलं, हे त्या ग्रुपवर कधीच येत नाही. मीही कम्बाइनवर, म्हणजे कापणी-मळणी एकदम करणाऱ्या यंत्रावर, बसून काढलेला फोटो टाकला होता. चाळीस अंगठे आले. मीही तुमच्यातलीच, हे लपवत नाही.

ग्लेनकडे गहू असतो आणि कनोला. कनोला म्हणजे मोहरीची चुलत बहीण समजा. पिवळी फुलं, बारीक शेंगा, आत काळे दाणे, त्याचं तेल. हे पीक काढायच्या दोन रीती आहेत. एक, शेंगा पुरत्या वाळायच्या आधी यंत्राने कापून त्याच्या लांबच लांब ओळी शेतात पाडायच्या, आठ-दहा दिवस वाळू द्यायच्या, मग उचलायच्या. दुसरी, पीक उभंच पिकू द्यायचं आणि कम्बाइन घालून एकदम काढायचं. उभं ठेवलं तर शेंगा तडकून दाणे सांडायची भीती, वर लवकर हिमकडाका पडला तर हिरवा दाणा हिरवाच राहायची. कापून ठेवलं तर वाऱ्याची भीती. पहिली रीत पाहिली तेव्हा मी मनाशी म्हटलं, अरे, हा तर कडपाच.

चौथ्या वर्षी ग्लेन म्हणाला, “रस्त्यापलीकडचा तुकडा या वर्षी तुझा. कसा काढायचा ते तूच ठरव.” तुकडा म्हणजे एकशे साठ एकर. बाबांनी अख्ख्या आयुष्यात कसलेल्या सगळ्या जमिनीपेक्षा जास्त.

ग्लेनचा मुलगा ब्रेंट याला माझं नाव वनिता कधी उच्चारता आलं नाही. मी त्याची ‘विनी’. टोपी उलटी घालायची, प्रत्येक गोष्ट मोबाइलवर बघून सांगायची. मला तो मनापासून पोकळ वाटायचा.

“उभंच ठेव, विनी,” तो म्हणाला. “हे बियाणं सहज तडकत नाही. कापून पाडणं आता आजोबांच्या काळातलं झालं.”

झालं. त्याने ‘ठेव’ म्हटलं तिथेच माझं ‘कापायचं’ ठरलं. शेंगा उघडून पाहिल्या होत्या मी. उंचवट्यावर दाणे तपकिरी, सखल भागात अजून हिरवे. कापायला सबळ कारण होतं. पण खरं कारण ब्रेंट होता.

त्या संध्याकाळी मी बाबांना व्हिडिओवर शेत दाखवलं. तिकडे सकाळ होती, ते ओट्यावर दात घासत होते. बराच वेळ बघून म्हणाले, “अर्धं काप. अर्धं राहू दे.”

“बाबा, हे आपले वीस गुंठे नाहीत.”

“ते दिसतंय,” ते म्हणाले. “वारा असतो का तिथे?”

मी हसले. तिकडे आत चुलीशी असलेल्या आईलाही ऐकू जाईल असं हसले.

तीन दिवसांत मी सगळं कापलं. ब्रेंट एकदा ट्रॅक्टरला रोलर जोडून आला. पडलेल्या ओळी रोलरने दाबून बसवल्या की खुंटांत अडकून राहतात. “पीक हलकं आहे, दाबून देऊ का?” त्याने विचारलं. मी हाताने नको केलं. त्याचे उपकार मला नको होते.

सहाव्या दिवशी दुपारी वारा सुटला. आधी ओळींची टोकं उचलली गेली. मग एकेक ओळ गादीसारखी गुंडाळत गेली, ते गोळे शेतभर पळायला लागले, रस्ता ओलांडून समोरच्या तारेच्या कुंपणाला जाऊन चिकटले. दर उडीला शेंगा फुटत होत्या. मी पिकअपमध्ये बसून बघत होते. उतरून काय धरणार होते? बाजूच्या शेतात ब्रेंटचं उभं पीक नुसतं डोलत होतं.

ग्लेनला मी जाऊन सांगितलं, “चूक माझी. तो रोलर घेऊन आला होता, मी नको म्हटलं.” तो एवढंच म्हणाला, “उरलंय ते गोळा करू.” दुसऱ्या दिवशी ब्रेंट दाताळं घेऊन कुंपणापाशी हजर. दोन दिवस आम्ही दोघांनी ते गुंते सोडवून कम्बाइनपुढे टाकले. तो एक शब्द टोचून बोलला नाही. मी त्याच्या बोलण्याची वाटच बघत होते. बोलला असता तर मला त्याला तुच्छ लेखणं चालू ठेवता आलं असतं. त्या उलट्या टोपीच्या पोराने तेवढीही सोय ठेवली नाही, आणि त्याचा मला अजून राग आहे.

बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “सगळंच गेलं?”

“निम्म्याहून जास्त.”

“मोड तर नाही ना आले?”

“नाही.”

“मग बरं,” ते म्हणाले. मला रडू आलं, आणि फोनवर आवाज येत नाही असं खोटं सांगून मी तो ठेवला. ज्या माणसाला मी भित्रा म्हटलं होतं, तो एकदाच हरला होता आणि त्यातून शिकला होता. मी त्या हरण्याला हसत मोठी झाले होते.

ग्रुपवर यातलं काही टाकलं नाही. इथे आपल्या लोकांत तीन वर्षं कोणालाच सांगितलं नाही.

गेल्या डिसेंबरात सायवनला गेले. काका आले होते, त्यांना पगार ऐकायचा होता. मी तो सांगितला नाही, म्हणून ते चहा अर्धा टाकून निघून गेले. दुसऱ्या सकाळी मी बाबांबरोबर दुकानापर्यंत गेले. तिथे बाकड्यावर चार-पाच माणसं बसलेली. बाबांनी माझी ओळख करून देत म्हटलं, “ही माझी बाय. हिचं एकशे साठ एकरांचं कापलेलं पीक वाऱ्याने उडवून नेलं.” अगदी सहज. जणू म्हणावं, हिला परवा सर्दी झाली होती. माझे कान तापले.

कोणी हसलं नाही. एक म्हातारा पुढे सरकला. आमच्या पलीकडच्या पाड्यावरचे सोनूदादा.

“मग पेंढ्याचं काय केलंस?” त्यांनी विचारलं. “गुरांना चालतो का तो?”

“फारसा नाही, दादा. आणि तोही वाऱ्यानेच नेला.”

“अरेरे,” ते म्हणाले. खरंच वाईट वाटलं त्यांना. पेंढ्याचं.

मग विषय विहिरीवरच्या जळलेल्या मोटारीकडे गेला. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी नामुष्की त्या बाकड्यावर दोन मिनिटंही टिकली नाही. बाबांनी माझ्यासाठी जागा केली, मी बसले, आणि मोटार का जळली असेल यावर माझंही मत दिलं.